सबनीस व्हावं की सरलष्कर? रोलप्लेसाठी पद निवडताना

मे महिन्यात परीक्षा संपल्या की आमच्या मराठी रोलप्लेच्या डिस्कॉर्ड सर्व्हरवर (म्हणजे गटाने मिळून ऑनलाइन लिहायच्या जागेवर) नवे खेळाडू यायला लागतात. कोथरूडचे, हडपसरचे, पिंपरीचे, काही साताऱ्या-कोल्हापूरहून पुण्यात शिकायला आलेले. प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो: "मला कोणतं पद मिळेल?" सहा वर्षं या प्रश्नाला एकेकाला वेगवेगळं उत्तर देत आलो. आता एकदा नीट लिहून काढतो.

हा प्रकारच ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. एक काल्पनिक राज्य असतं, त्यात प्रत्येकाचं एक पात्र असतं, आणि आपलं पात्र काय बोललं, काय केलं ते ज्याने त्याने लिहायचं. त्यातून गोष्ट पुढे सरकते. राज्य सरंजामी असेल तर पात्राला हुद्दा लागतोच, कारण हुकूम कोणी द्यायचा आणि मुजरा कोणी करायचा हे त्यावरून ठरतं.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. इंजिनिअरिंगला असलेल्या एका मुलीने अर्जात पद लिहिलं होतं 'सरलष्कर हिंमतबहादर', म्हणजे फौजेचा प्रमुख आणि वर एक किताब. आम्ही ते दिलं. तीन आठवड्यांत तिचे जेमतेम चार संदेश आले. तिच्या हाताखाली कोणी नव्हतं, लढाई चालू नव्हती, आणि एवढ्या मोठ्या सरदाराकडे बारीकसारीक काम घेऊन कोणी जाईना. चौथ्या आठवड्यात तिने आपणहून ते पद सोडलं आणि एका गडाची सबनिशी, म्हणजे हजेरी आणि जमाखर्च लिहिण्याचं काम, मागून घेतली. दुसऱ्याच दिवशी तिची ही नोंद आली:

"अंबारखाना. नाचणी वहीप्रमाणे दोन खंडी. आज मोजून भरली एक खंडी सोळा मण. चार मणांची तूट. कुलूप शाबूत. किल्ली हवालदारांकडे."

एवढंच. (अंबारखाना म्हणजे धान्याचं कोठार, आणि वीस मणांची एक खंडी.) गडाच्या किल्ल्या सांभाळणारा हवालदार खेळणारा मुलगा त्या रात्री साडेअकराला खुलासा लिहायला बसला. पहारे बघणाऱ्या सरनौबताने दोघांवरही पाळत ठेवली. पुढचे दोन महिने आमचं अख्खं राज्य त्या चार मण नाचणीच्या मागे धावत होतं.

तेव्हापासून मी नव्या माणसाला एकच गोष्ट सांगतो. पद म्हणजे काम. जे काम दर आठवड्याला बसून लिहायला तुम्हाला आवडेल, त्या कामाचं पद घ्या. नाव कितीही भारदस्त असो, त्यामागे काम नसेल तर पात्र पंधरा दिवसांत मुकं होतं.

पहिली पायरी: राज्य कोणत्या धाटणीचं आहे ते बघा

अर्ज भरण्याआधी गटाची पार्श्वभूमी वाचा. बहुतेक गट युरोपीय, जपानी किंवा मराठेशाहीच्या धर्तीवर असतात, आणि एकीकडची पदं दुसरीकडे शोभत नाहीत.

युरोपीय राज्य असेल तर इंग्लंडची उतरंड पाठ करून ठेवा: ड्यूक, मार्क्वेस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन. ही नावंसुद्धा मुळात कामांचीच आहेत. ड्यूकच्या मुळाशी लॅटिनमधला सेनानायक आहे, काउंट (इतर युरोपात अर्लच्या तोडीचा) म्हणजे राजाचा सोबती, व्हायकाउंट त्याचा नायब, मार्क्वेस सीमेवरचा मुलूख राखणारा. मार्शल हा तर मुळात घोड्यांची निगा राखणारा नोकर. नाइटला 'सर' म्हणताना ते पहिल्या नावाआधी लागतं, नुसत्या आडनावाआधी नाही. ही चूक नवे लोक हमखास करतात.

जपानी धर्तीवर दाइम्यो व्हायचं असेल तर जमिनीचं उत्पन्न तांदळात सांगावं लागेल. एदो काळात किमान दहा हजार कोकु उत्पन्नाचा मुलूख असेल तरच सरदाराला दाइम्यो म्हणत, आणि एक कोकु म्हणजे ढोबळमानाने एका माणसाला वर्षभर पुरेल इतका तांदूळ. धनी नसलेला सामुराई म्हणजे रोनिन. रोनिनला कोणाची परवानगी लागत नाही, त्यामुळे नवख्याला तो सोपा जातो.

पुण्यातल्या गटांचा ओढा मात्र मराठेशाहीकडेच, आणि माझाही. पुढचं सगळं त्याबद्दल.

दुसरी पायरी: हुद्दा, किताब, वतन आणि सरंजाम यांत गल्लत करू नका

हे चार शब्द आपण सरसकट 'पदवी' म्हणून वापरतो, आणि अर्जातल्या निम्म्या चुका त्यातूनच होतात.

हुद्दा म्हणजे नेमणूक. किल्लेदार, सबनीस, फडणीस, सुभेदार. काम सुटलं की हुद्दा सुटला. किताब म्हणजे सन्मान. गायकवाडांचा 'सेनाखासखेल समशेरबहादर', नागपूरकर भोसल्यांचा 'सेनासाहेब सुभा' हे किताब. तो मिळतो कर्तबगारीवर किंवा मर्जीवर, आणि त्याच्याबरोबर रोजचं काम येईलच असं नाही. वतन म्हणजे वंशपरंपरेने चालत आलेला हक्क आणि त्याला जोडलेली चाकरी. गावात पाटील आणि कुलकर्णी, परगण्यात देशमुख आणि देशपांडे. पाटील-देशमुखांनी कारभार आणि बंदोबस्त बघायचा, कुलकर्णी-देशपांड्यांनी दफ्तर लिहायचं. आणि सरंजाम म्हणजे फौज बाळगण्यासाठी लावून दिलेलं मुलखाचं उत्पन्न. 'सरंजामशाही' हा शब्द आपल्याकडे त्यावरूनच आला.

खेळात हा फरक फार उपयोगी पडतो. वतनदार पात्राला गाव सोडवत नाही, राजा बदलला तरी त्याची पाटीलकी टिकवायची धडपड चालू राहते. सरंजामदाराला दर हंगामात ठरल्याइतके स्वार उभे करून दाखवावे लागतात, नाहीतर सरंजाम जप्त. हुद्देदाराची बदली होते. प्रत्येकाची भीती वेगळी, म्हणून प्रत्येकाची गोष्टही वेगळी. शिवाजी महाराजांचा कल जमिनी तोडून देण्यापेक्षा रोख पगार देण्याकडे होता, आणि राजाराम महाराजांच्या धामधुमीच्या काळात सरंजाम वाटले जाऊ लागले. तुमच्या गटाचं राज्य यातल्या कोणत्या पद्धतीवर चालतं हे विचारून घ्या. रोख पगाराच्या राज्यात 'जहागीरदार' म्हणून अर्ज केलात तर तो परत येईल.

नव्याने येणाऱ्याने किताब मागूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. किताब खेळातून मिळू द्यावा. दिल्लीच्या बादशहाकडून पेशव्यांसाठी वकील-इ-मुतलक (बादशहाचा सर्वाधिकारी प्रतिनिधी) हा किताब मिळवणारे महादजी शिंदे स्वतःला पाटील म्हणवून घेत. उत्तर हिंदुस्थान ज्यांच्या शब्दावर हलत होता त्यांना लोक 'पाटीलबावा' म्हणत. साधं पद आणि मोठं कर्तृत्व ही जोडी वाचणाऱ्याला जितकी आवडते तितकं दुसरं काही आवडत नाही.

तिसरी पायरी: शब्द फोडून बघा

यासाठी पुण्यासारखं शहर नाही. एखाद्या रविवारी सकाळी कसबा, शनिवार आणि सदाशिव पेठेतून चक्कर मारा आणि दारांवरच्या पाट्या वाचा. सबनीस, चिटणीस, पोतनीस, फडणीस, मुजुमदार, कारखानीस, किल्लेदार. आज ही आडनावं आहेत, एके काळी नोकऱ्या होत्या. नाना फडणवीसांचं नाव बाळाजी जनार्दन आणि आडनाव भानू. फडणीस हा त्यांचा हुद्दा, पण इतिहासाने तोच लक्षात ठेवला.

'नीस' म्हणजे फारसी नवीस, लिहिणारा. चिटणीस पत्रव्यवहार लिहितो, पोतनीस खजिन्याचा हिशेब, वाकनीस घडामोडींची नोंद. 'दार' म्हणजे धारण करणारा, ताब्यात ठेवणारा: ठाणेदार, किल्लेदार, हवालदार. 'सर' म्हणजे प्रमुख. एवढं कळलं की अनोळखी पदाचंही काम साधारण ओळखता येतं. गटाची परवानगी असेल तर नवं पदही घडवता येतं. आमच्याकडे एकाने 'नकाशनीस' हे पद तयार केलं. वाटा, घाट, उतार यांची टिपणं तो ठेवतो, आणि कोणतीही मोहीम निघायच्या आधी सगळे त्याच्याकडे जातात. असं पद इतिहासात नव्हतं, पण कानाला परकं वाटत नाही.

शब्द फारसी घ्यायचा की संस्कृत, हाही निर्णय आहे. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला. त्यामुळे एकाच कामाची दोन नावं मिळतात. पेशवा आणि मुख्य प्रधान, मुजुमदार आणि अमात्य, सुरनीस आणि सचिव, वाकनीस आणि मंत्री, डबीर आणि सुमंत, सरनौबत आणि सेनापती. दरबारी, विधिपूर्वक चालणारं राज्य असेल तर अमात्य-सचिव शोभतात. छावणी, घोडे, धूळ असं वातावरण असेल तर सरनौबत आणि मुजुमदार जास्त जिवंत वाटतात. एकाच राज्यात एकाने 'सुरनीस' आणि दुसऱ्याने 'सचिव' घेतलं तर एकाच कामावर दोघे बसतात. हे आमच्याकडे झालं आहे, म्हणून आता आम्ही यादी आधीच लावून ठेवतो.

चौथी पायरी: आपली जागा उतरंडीत कुठे, ते मोजून बघा

शिवकालीन घोडदळाचं गणित सोपं आहे. पंचवीस स्वारांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमलेदारांवर एक हजारी, पाच हजारींवर एक पंचहजारी, आणि सगळ्यांवर सरनौबत. आता तुमच्या गटात माणसं किती ते बघा. तीस जणांच्या गटात तीन पंचहजारी असतील तर त्यांच्या हाताखालचे स्वार कोण खेळणार? माझ्या अनुभवात तीस जणांना एक जुमलेदार आणि तीन-चार हवालदार पुरतात. रांगेतली जागा किती लागू शकते हे आपल्याला वेगळं सांगायला नको. १६६६ मध्ये आग्र्याच्या दरबारात महाराजांना पंचहजारी मनसबदारांच्या रांगेत उभं केलं गेलं, आणि पुढचा सगळा इतिहास तिथून वळला.

अगदी नवे असाल तर बारगीर आणि शिलेदार यांतून निवडा. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळतं, शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येतो. खेळात आम्ही हा फरक असा धरतो: ज्याच्याकडे पात्राची कहाणी तयार नाही त्याने बारगीर व्हावं, कहाणी आम्ही देऊ. जो आपलं गाव, आपलं घराणं, आपलं वैर सोबत घेऊन येतो तो शिलेदार.

मला विचाराल तर सगळ्यात रंगतदार जागा गडावर आहेत. शिवकाळात गडावर हवालदार, सबनीस आणि सरनौबत असे तीन अधिकारी असत आणि कारभार त्यांनी मिळून करायचा. हवालदार आणि सरनौबत ही नावं घोडदळातही आहेत, पण गडावरची कामं वेगळी. किल्ल्या आणि दरवाजे हवालदाराकडे, हजेरी आणि जमाखर्च सबनिसाकडे, शिबंदी (गडावरची फौज) आणि पहारे सरनौबताकडे. एकटा फितूर झाला तरी गड जाऊ नये म्हणून ही रचना. तिघांचा एकमेकांवर वचक. लिहिणाऱ्याला याहून काय हवं? शिवाय कारखानीस असतो, धान्य, दारूगोळा आणि सामानसुमान बघणारा. नव्या तिघा मित्रांनी एकत्र अर्ज केला की मी त्यांना एक गडच देऊन टाकतो.

तेही नको असेल तर कारखान्यांकडे वळा. 'अठरा कारखाने, बारा महाल' असा शब्दप्रयोग आहे. कारखाना म्हणजे सरकारी कोठार आणि त्याचं खातं: मुदपाकखाना म्हणजे स्वयंपाकघर, पीलखान्यात हत्ती, जामदारखान्यात मौल्यवान वस्तू, फरासखान्यात तंबू, जाजमं, बिछायती. बुधवार पेठेतल्या फरासखाना पोलीस ठाण्यावरून आपण शंभर वेळा गेलेलो असतो, पण ते नाव कुठून आलं याचा विचार करत नाही. मुदपाकखान्याचा दरोगा खेळणारी आमच्या गटातली एक गृहिणी महिन्याला जितकं लिहिते तितकं सेनापतीही लिहीत नाही. दरबारात कोण काय खातं, कोण ताट न विटाळता उठतं, हे तिला ठाऊक असतं.

पाचवी पायरी: स्त्री पात्रांची पदं

इथे मराठीचं व्याकरण जपावं लागतं. पाटलीण, देशमुखीण, कारभारीण या शब्दांचा रूढ अर्थ 'त्याची बायको' असा होतो. तुमचं पात्र स्वतः कारभार बघत असेल तर हे शब्द तिचं काम पुसून टाकतात. सेनापती, किल्लेदार, सबनीस, अमात्य हे शब्द मात्र जसेच्या तसे चालतात. "सबनीस आल्या", "किल्लेदार म्हणाल्या" असं लिहा, क्रियापद सगळं सांगतं. आदरासाठी नावापुढे बाई, बाईसाहेब किंवा आईसाहेब.

आणि स्त्रीला लष्करी पद देणं इतिहासाला सोडून आहे, असं कोणी म्हणालं तर त्याला तळेगावचं नाव सांगा. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत सेनापती त्रिंबकराव दाभाडे पडल्यावर सेनापतिपद धाकट्या मुलाच्या नावे झालं, पण प्रत्यक्ष सूत्रं उमाबाई दाभाड्यांनी हाती घेतली.

काय घेऊ नये

'छत्रपती' हे पद आमच्याकडे कोणालाच मिळत नाही, मागूही नये. आपल्या काल्पनिक राज्याच्या प्रमुखाला 'राजे' पुरे. तसंच आज नांदत असलेल्या घराण्याचा किताब आणि आडनाव दोन्ही एकत्र उचलू नका. तुम्ही लिहिलेला फितूर सरदार कोणाच्या तरी खऱ्या आजोबांच्या नावाचा निघतो, आणि मग भांडण खेळातलं राहत नाही.

दुसरी गोष्ट मी जास्त ठामपणे सांगतो. वतनी व्यवस्था जातीला बांधलेली होती. कोणाच्या वाट्याला गढी आली आणि कोणाच्या वाट्याला पिढ्यान् पिढ्यांची वेठ. एखाद्या जातीचं नाव 'खालची पायरी' म्हणून खेळात वापरणं आम्ही चालवून घेत नाही, आणि कोणतंही पद कोणत्याही पात्राला मिळू शकतं. हे मान्य नसलेल्या गटात तुम्ही शिरलात तर बाहेर पडा.

पदाबरोबर बोलणंही बदलतं

पद घेतलं की पत्र कसं लिहायचं ते शिका. लग्नपत्रिकेवर असायचं ते रा. रा. म्हणजे राजमान्य राजश्री. बरोबरीच्या माणसाला तेच लिहावं. वडीलधाऱ्यांना तीर्थरूप, धाकट्यांना चिरंजीव, विद्वान ब्राह्मणाला वेदमूर्ती. शेवटही पदाप्रमाणे बदलतो. वरच्याला लिहिताना "हे विनंती", हाताखालच्याला हुकूम देताना "जाणिजे". एका जुमलेदाराने चुकून सुभेदाराला "जाणिजे" लिहिलं आणि आम्ही ते चूक म्हणून न पुसता बंडाची पहिली खूण म्हणून खेळात घेतलं. मोडी शिकत असाल, किंवा सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळात जाणं-येणं असेल, तर जुनी पत्रं वाचा. मायने आणि समाप्तीच्या ओळी एका वहीत उतरवून ठेवा.

सर्व्हरवर पद लावताना

डिस्कॉर्डवर टोपणनावाला ३२ अक्षरांची मर्यादा आहे, आणि देवनागरीत काना, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरातला पायमोड हे सगळं वेगळं मोजलं जातं. 'सरलष्कर हिंमतबहादर मालोजीराव' एवढ्यातच २८ संपतात. उरलेल्या चारात आडनाव बसत नाही. म्हणून टोपणनावात नाव आणि एकच हुद्दा ठेवा, बाकी किताब पात्राच्या परिचयात लिहा.

आणखी एक. खेळातलं पद आणि सर्व्हरचे अधिकार कधीही एका दोरीत बांधू नका. पहिल्या वर्षी आम्ही सर्व्हर सांभाळणाऱ्यालाच 'पेशवा' केलं होतं. कथेत त्याच्या पात्राची पेशवाई गेली, तर त्याने रागाच्या भरात सगळे चॅनेल बंद केले. दोन आठवडे कोणाला काही लिहिता आलं नाही. तेव्हापासून सर्व्हर सांभाळणारे 'व्यवस्थापक', आणि त्यांचं खेळातलं पात्र जुमलेदाराच्या वर जात नाही.

अर्ज कसा लिहावा

पदाचं नाव शेवटी लिहा. आधी तीन गोष्टी सांगा: माझं पात्र कोणाला जाब देतं, त्याच्या हाताखाली कोण किंवा काय आहे, आणि पद मिळाल्यावर पहिल्या आठवड्यात ते काय करेल. उदाहरणार्थ: "हवालदारांच्या बरोबरीने गडाचा कारभार. ताब्यात हजेरीची वही आणि दोन कारकून. पहिल्या आठवड्यात शिबंदीची हजेरी घेणार, चाळीसपैकी किती माणसं खरंच गडावर आहेत ते बघणार. पद: सबनीस." असा अर्ज आला की आम्ही त्याच दिवशी सनद, म्हणजे नेमणुकीचा कागद, देतो.

सनद मिळाल्यावर महिनाभर तरी पद बदलू नका. पुढे पटलं नाही तर गुपचूप गायब होण्यापेक्षा खेळातूनच सुटा: बदली मागा, आजारपण काढा, काशीयात्रेला जा. जाताना वही आणि किल्ल्या कोणाच्या हाती दिल्या ते मात्र लिहून जा, कारण तुमच्या जागी येणारा पहिल्या दिवशी तेच विचारणार आहे.